पिंजऱ्यावरची पाटी आणि मांजराची खरी जात : सांगलीतील एका पेट शॉपचे परीक्षण

सांगलीत विश्रामबाग भागातील एका पेट शॉपमधून माझ्या बहिणीने नुकतेच मांजराचे पिल्लू घेतले. खरेदीपूर्वीची चौकशी, प्रत्यक्ष व्यवहार आणि त्यानंतर मिळालेली सेवा हे सारे मी तिच्यासोबत राहून पाहिले. जे पहिल्यांदाच मांजर विकत घेण्याच्या विचारात आहेत त्यांना उपयोग व्हावा, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे. दुकानाचे नाव मुद्दाम देत नाही. माझी जी मुख्य तक्रार आहे, ती या एका दुकानापुरती नसून मांजरांच्या एकूण बाजारातच रूढ झालेल्या पद्धतीबद्दल आहे. पिल्लाच्या अंगावरचा रंग पाहायचा, त्या रंगाला एखादे परदेशी जातीचे नाव लावायचे आणि त्या नावाप्रमाणे दर सांगायचा, अशी ती पद्धत आहे.

आधी चांगल्या बाजू सांगतो, कारण त्या खरोखरच चांगल्या आहेत. दुकान स्वच्छ आहे. मांजरांच्या खोलीत शिरताना नाक दाबून धरावे लागत नाही, आणि ज्यांनी इतरत्र अशा खोल्या पाहिल्या आहेत त्यांना याचे मोल कळेल. मातीचे ट्रे सकाळ-संध्याकाळ बदलले जातात, पाण्याची भांडी खाण्याच्या भांड्यांपासून दूर ठेवलेली असतात आणि शिंकणारे एक पिल्लू मागच्या खोलीत वेगळे ठेवलेले मी पाहिले. २०१८ च्या केंद्रीय पेट शॉप नियमांनुसार राज्य पशुकल्याण मंडळाकडे जी नोंदणी करावी लागते, तिचे प्रमाणपत्र काउंटरमागच्या भिंतीवर लावलेले आहे. आठ आठवड्यांच्या आतील पिल्लू ते विकत नाहीत. पिल्लासोबत लसीकरणाची पुस्तिका मिळते, जंताचे औषध कधी दिले आणि पुढचे कधी द्यायचे हे तीत लिहिलेले असते, आणि गाईचे दूध पाजू नका, ते बहुतेक मांजरांना पचत नाही, हे काउंटरवरचा मुलगा प्रत्येक गिऱ्हाइकाला न विचारता सांगतो.

अडचण सुरू होते ती पिंजऱ्यांवरच्या पाट्यांपासून. प्रत्येक पिंजऱ्यावर लॅमिनेट केलेली पाटी आहे आणि तीवर जातीचे नाव व दर छापलेला आहे. पिवळ्या पट्टेरी पिल्लांवर ‘ऑरेंज टॅबी ब्रीड’, तीनरंगी पिल्लांवर ‘कॅलिको ब्रीड’, करड्यावर ‘रशियन ब्लू’, काळ्यावर ‘बॉम्बे कॅट’, पांढऱ्या केसाळ पिल्लावर ‘टर्किश अँगोरा’ आणि ठिपके असलेल्या एकावर ‘बंगाल’ असे लिहिलेले होते. या पाट्या वाचणाऱ्या माणसाला वाटावे की सांगलीत जगभरातील मांजरे एका छताखाली आली आहेत. प्रत्यक्षात यांपैकी एकाही पिल्लाच्या आई-बापांची नोंद दुकानात नव्हती, आणि पहिली दोन नावे तर मुळात कोणत्याही जातीची नावेच नाहीत.

जात म्हणजे वंश. पिढ्यान्‌पिढ्या ठरावीक बांध्याच्या मांजरांचे ठरावीक मांजरांशी संकर करून, त्यांची नोंद ठेवून जे घडवले जाते त्याला जात म्हणतात. मांजरांच्या बाबतीत हा उद्योग फार जुना नाही. लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये १८७१ साली मांजरांचे जे मोठे प्रदर्शन भरले, तेथून या छंदाला संघटित रूप येऊ लागले. अमेरिकेतील कॅट फॅन्सिअर्स असोसिएशन ही नोंदणी करणारी संस्था १९०६ ची आहे. याउलट रंग ठरवणारी जनुके मोजकी आहेत, ती त्याहून कितीतरी आधीपासून सगळ्या मांजरांत फिरत आली आहेत आणि ती जातीची सीमा पाळत नाहीत. आपल्या जिल्ह्यात हे समजावून सांगणे खरे तर कठीण जाऊ नये. आटपाडी किंवा जतकडचा शेतकरी प्रत्येक पांढऱ्या बैलाला खिल्लार म्हणत नाही. तो शिंगांची ठेवण, बांधा आणि गाय-वळूचा वंश विचारतो, आणि कोसा, काजळी हे त्याच खिल्लारातले रंग आहेत हेही त्याला ठाऊक असते. गुरांच्या बाजारात जी जाण आहे, ती पेट शॉपच्या दारात आपण सोडून का देतो, हे मला कळत नाही.

बहिणीला तीनरंगी पिल्लू आवडले होते, त्यामुळे त्या पिंजऱ्यासमोर आमचा बराच वेळ गेला. “ताई, ही कॅलिको ब्रीड आहे, घरात लक्ष्मी आणते, आणि यात बोका मिळाला तर लाखात जातो,” असे काउंटरवरच्या मुलाने सांगितले. तो खोटे बोलत नव्हता. त्याला जसे सांगितले गेले तसे तो पुढे सांगत होता. पण यातला जातीचा भाग चुकीचा आहे आणि बोक्याचा भाग अर्धवट. पिवळा रंग देणारे जनुक एक्स गुणसूत्रावर असते. बोक्याकडे एकच एक्स असल्याने तो साधारणपणे पिवळा तरी असतो किंवा काळा तरी, तर मांजरीकडे दोन एक्स असल्याने तिच्याकडे एकावर पिवळा आणि दुसऱ्यावर काळा अशी दोन्ही रूपे असू शकतात. मादीच्या प्रत्येक पेशीत दोनपैकी एक एक्स बंद पडतो, हे तत्त्व ब्रिटिश शास्त्रज्ञ मेरी लायन यांनी १९६१ साली मांडले. गर्भातच काही पेशींत एक आणि काहींत दुसरा एक्स बंद झाल्याने अंगावर पिवळे आणि काळे ठिगळ उमटतात. पांढरा भाग आणखी वेगळ्या जनुकामुळे येतो. हे तिन्ही जेथे एकत्र येतील तेथे तीनरंगी मांजर होते, मग ती पर्शियन असो, मेन कून असो किंवा मारुती चौकातल्या एखाद्या दुकानाच्या पायरीवर बसणारी देशी मांजर असो. तीनरंगी बोका क्वचित जन्मतो खरा, बहुतेक वेळा त्याच्याकडे एक एक्स जास्तीचा असतो, आणि असा बोका जवळजवळ नेहमीच वांझ असतो. दुर्मीळ असणे वेगळे आणि जातिवंत असणे वेगळे.

या ठिगळांवर कोणाचाच ताबा नसतो, याचे एक उदाहरण मी त्या मुलाला सांगितले आणि येथेही सांगतो. अमेरिकेतील टेक्सास ए अँड एम विद्यापीठात २२ डिसेंबर २००१ रोजी जगातील पहिले क्लोन केलेले मांजर जन्मले. त्याचे नाव सीसी. ज्या मांजरीच्या पेशीपासून ते तयार केले ती रेनबो नावाची मांजरी तीनरंगी होती, पण सीसीच्या अंगावर पिवळ्याचा मागमूसही नव्हता. ती तपकिरी पट्टेरी आणि पांढरी निघाली. सगळी जनुके तीच असूनही रंग बदलला. जेथे क्लोनचाही रंग जुळत नाही, तेथे रंगावरून जात सांगण्याला काय आधार उरतो? २०२५ मध्ये जपानच्या क्यूशू विद्यापीठातील आणि अमेरिकेच्या स्टॅनफर्ड विद्यापीठातील शास्त्रज्ञांनी स्वतंत्रपणे दाखवून दिले की पिवळा रंग एक्स गुणसूत्रावरील ‘एआरएचजीएपी३६’ या जनुकाजवळचा एक लहानसा तुकडा गळाल्यामुळे येतो. वेगवेगळ्या देशांतील, वेगवेगळ्या जातींच्या आणि जात नसलेल्या पिवळ्या मांजरांतही तोच तुकडा गळालेला आढळला.

‘ऑरेंज टॅबी’च्या पाटीबद्दल थोडक्यात एवढेच, की टॅबी म्हणजे पट्टे, ठिपके किंवा भोवऱ्यासारखी नक्षी आणि कपाळावर इंग्रजी एम अक्षरासारखी खूण. जी जनुकीय स्थिती काळ्या मांजराचे पट्टे झाकून टाकते, ती पिवळ्या रंगावर चालत नाही, त्यामुळे जवळून पाहिले तर प्रत्येक पिवळ्या मांजराच्या अंगावर कमी-अधिक पट्टे दिसतातच. ‘पिवळा बोका मायाळू असतो’ हेही आम्हाला ऐकवले गेले. पिल्लाचा स्वभाव घडतो तो मुख्यतः आई-बापांच्या स्वभावावरून आणि पहिल्या काही आठवड्यांत माणसाचा हात त्याला किती लागला यावरून, आणि या दुकानात पिल्लांना रोज हाताळले जाते, ही त्यांची खरी जमेची बाजू आहे. ती पाटीवर लिहायला हवी होती.

करड्या पिल्लाच्या पाटीने मला सर्वांत जास्त त्रास दिला, कारण तेथे दर शेजारच्या देशी पिल्लाच्या दुपटीहूनही अधिक होता आणि फरक फक्त रंगाचा होता. करडा रंग, ज्याला मांजरांच्या व्यवसायात ‘ब्लू’ म्हणतात, तो काळाच असतो. केसातील रंगकण समान न पसरता गोळा होऊन बसल्याने तो फिका दिसतो. हे जनुक दोन्ही पालकांकडून यावे लागते, म्हणून दोन काळ्या मांजरांनाही करडे पिल्लू होऊ शकते. रशियन ब्लू जातीची मांजरे करडी असतात हे खरे, पण फ्रान्समधील शार्त्रू आणि थायलंडमधील कोरात या जातीही करड्याच आहेत, आणि ब्रिटिश शॉर्टहेअरचा सर्वांत प्रसिद्ध रंगही तोच आहे. रशियन ब्लूचे केस आखूड, दाट आणि दुहेरी असतात, केसांची टोके चंदेरी असतात, डोळे गडद हिरवे असतात आणि चेहरा निमुळता असतो. पाटीखालच्या पिल्लाचे केस विरळ होते, डोळे पिवळसर होते आणि छातीवर पांढरा ठिपका होता. तेवढ्यावरूनही शंका यायला हवी होती. पण समजा डोळे हिरवे असते, तरीही आई-बापांची नोंद नसताना त्याला रशियन ब्लू म्हणता आले नसते.

काळ्या पिल्लाची गोष्ट याहून सोपी आहे. बॉम्बे ही जात अमेरिकेतील केंटकी राज्यात निकी हॉर्नर या महिलेने तपकिरी बर्मीज आणि काळ्या अमेरिकन शॉर्टहेअर मांजरांच्या संकरातून घडवली. भारतातल्या काळ्या बिबट्यासारखे दिसणारे मांजर तिला हवे होते, एवढाच तिचा आपल्याशी संबंध. तांब्याच्या रंगाचे डोळे आणि मुळापर्यंत काळा केस ही तिची लक्षणे. मी ते पिल्लू शटरजवळ नेऊन दुपारच्या उन्हात धरले, तेव्हा पाठीवर आणि मागच्या मांड्यांवर तपकिरी पट्टे अंधूक दिसू लागले आणि केस फुंकून बाजूला केले तर मुळाशी ते राखाडी होते. काळ्या देशी पिल्लांत असे पट्टे अनेकदा दिसतात व पुढे बहुधा नाहीसे होतात. पिल्लू गोंडस होते, निरोगी होते आणि देशी होते.

‘सयामी’ अशी पाटी असलेल्या पिल्लाचे कान, नाक, पंजे आणि शेपूट गडद तपकिरी होते व बाकी अंग दुधाळ होते. ही नक्षी तापमानामुळे घडते. रंग तयार करणारे विकर (एन्झाइम) या मांजरांत थोडे बिघडलेले असते आणि अंगाच्या थंड भागांतच काम करते, म्हणून अशी पिल्ले आईच्या उबदार पोटातून जवळजवळ पांढरी जन्मतात आणि नंतर टोकांकडून गडद होत जातात. हे जनुक सयामी मांजरांत असते, तसेच हिमालयन, रॅगडॉल आणि बर्मन यांच्यात असते आणि संकरातून आलेल्या असंख्य साध्या मांजरांतही असते. पाटीखालचे पिल्लू लांब केसांचे आणि गोल तोंडाचे होते, तर सयामी आखूड केसांची, सडपातळ आणि लांबट तोंडाची असते. म्हणजे येथे पाटी लिहिणाऱ्याने शरीराकडे पाहिलेच नव्हते.

पांढऱ्या केसाळ पिल्लाजवळ मात्र प्रश्न पैशापुरता राहत नाही. लांब केस हे मागे दबून राहणाऱ्या जनुकामुळे येतात, त्यामुळे आखूड केसांच्या दोन मांजरांनाही केसाळ पिल्लू होऊ शकते. त्यासाठी तुर्कस्तानातून कोणी यावे लागत नाही. पण पूर्ण पांढरे मांजर घेताना गिऱ्हाइकाला एक गोष्ट सांगितलीच पाहिजे, आणि ती येथे सांगितली जात नाही. कॉर्नेल विद्यापीठाच्या मांजर आरोग्य केंद्राने दिलेल्या माहितीनुसार, दोन्ही डोळे निळे असलेल्या पूर्ण पांढऱ्या मांजरांपैकी ६५ ते ८५ टक्के बहिरी असतात. एक डोळा निळा असेल तर हे प्रमाण सुमारे ४० टक्के, आणि डोळे निळे नसतील तर १७ ते २२ टक्के असते. रंगावरून खरोखर काही कळत असेल तर ते हे आहे, आणि पाटीवर नेमके हेच नव्हते. पिल्लाच्या मागे उभे राहून चावी वाजवली तर ढोबळ अंदाज येतो. खात्री डॉक्टरांच्या तपासणीनेच होते. शिवाय सहा-सात आठवड्यांपर्यंत सगळ्याच पिल्लांचे डोळे निळसर असतात, हेही ध्यानात ठेवावे.

पर्शियन पिल्लांच्या रांगेत ‘डॉल फेस’, ‘सेमी पंच’, ‘पंच फेस’ आणि ‘ट्रिपल कोट’ अशा पाट्या आहेत. यांत नाक किती चपटे आहे, म्हणजे निदान चेहऱ्याच्या ठेवणीचा विचार आहे, म्हणून ही रांग मला इतरांपेक्षा प्रामाणिक वाटली. तरीही ‘ट्रिपल कोट’ (म्हणजे फार दाट केस) ही विक्रेत्यांची भाषा आहे. आणि पिल्लू खरोखर पर्शियन असेल, तर त्या नावाबरोबर जबाबदारीही येते. पर्शियन वंशात मूत्रपिंडात पाण्याच्या गाठी होण्याचा आनुवंशिक आजार बराच आढळतो आणि आई-बापांची जनुकीय चाचणी करून तो आधी ओळखता येतो. चपट्या नाकामुळे श्वासाचा आणि डोळे वाहण्याचा त्रास होतो तो वेगळाच. आई-बापांच्या चाचणीचा कागद आम्ही मागितला, तेव्हा असा कागद आजवर कोणी मागितला नव्हता असे उत्तर मिळाले. जातीचे नाव खरे असेल तर हा कागद हवा, आणि कागद नसेल तर जातीच्या नावाने पैसे घेऊ नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे.

‘बंगाल’च्या पाटीबाबत मात्र दुकानाचे एक वर्तन मला मनापासून आवडले. बंगाल ही जात लेपर्ड कॅट या आशियातील जंगली मांजराचा पाळीव मांजराशी संकर करून अमेरिकेत घडवली गेली, आणि साधी ठिपकेदार मांजर म्हणजे बंगाल नव्हे. या गोंधळाला आपल्या भागात आणखी एक धोकादायक बाजू आहे. ऊसतोडणीच्या दिवसांत फडात कधी कधी वाघाटीची पिल्ले सापडतात. वाघाटी ही जगातील सर्वांत लहान जंगली मांजरांपैकी एक, अंगावर तांबूस ठिपके आणि कपाळावर रेघा असलेली, आणि वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीतील. आम्ही दुकानात असतानाच वाळव्याकडचा एक तरुण मोबाइलवर अशा पिल्लांचे फोटो घेऊन आला आणि हे बंगाल आहे का, किती मिळतील, असे विचारू लागला. मालकांनी फोटो नीट पाहिला आणि त्याला सांगितले, “दादा, हे घरचं मांजर नाही. पिल्लं होती तिथंच ठेवा, वनखात्याला फोन करा, आई शोधत येते.” त्यांनी वनविभागाचा १९२६ हा क्रमांकही त्याला लिहून दिला. हा सल्ला अचूक होता. अशी पिल्ले त्याच फडाजवळ ठेवून आईशी त्यांची गाठ घालून देण्याचे काम वनविभाग आणि वन्यजीव कार्यकर्ते महाराष्ट्रात अनेकदा करत आले आहेत. ज्या माणसाला ठिपक्यांपलीकडे पाहून वाघाटी ओळखता येते, त्याला पिंजऱ्यावरच्या पाट्या सुधारणे अवघड नाही.

हे मी मालकांना तसेच सांगितले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले. “गिऱ्हाईक आत आलं की पहिला प्रश्न ब्रीड कुठली हाच असतो, देशी म्हटलं की मागं फिरतं,” हे त्यांचे उत्तर होते, आणि ते मला खोटे वाटत नाही. मोबाइलवर फोटो टाकून जात सांगणारी ॲप्स वापरून लोक आधीच नाव ठरवून येतात, आणि ती ॲप्सही मुख्यतः रंग आणि नक्षी यांवरच अंदाज बांधतात. मात्र गिऱ्हाइकाला चुकीची माहिती हवी असते, म्हणून ती छापून द्यावी, हे मला मान्य नाही. पाटीवर लिंग, जन्मतारीख, रंग, केसांची लांबी, दिलेल्या लसी आणि आई दुकानात आहे की नाही एवढे लिहिले, तरी घेणाऱ्याला हवे ते सारे कळते. जात लिहायची असेल तर नोंदणीचा कागद शेजारी लावावा.

बहिणीने तीनरंगी पिल्लूच घेतले. बिलावर जातीचे नाव लिहू नये असा आमचा आग्रह होता, तो मालकांनी मानला आणि ‘मांजर, मादी, देशी, तीनरंगी, आखूड केस’ असे लिहून दिले. पाटीवरचा दर मात्र सोडला नाही. घासाघीस केल्यावर लसीचा पुढचा डोस त्यात धरला एवढेच. पिल्लासोबत त्याच्या नेहमीच्या खाण्याचे छोटे पाकीट आणि ट्रेमधली थोडी वापरलेली माती दिली, जेणेकरून नव्या घरात त्याला आपली जागा वासाने सापडावी. ही युक्ती उपयोगी पडली.

पुढच्या डोसची आठवण दुकानातून फोन करून दिली गेली आणि ठरलेल्या दिवशी तेथे बसणाऱ्या पशुवैद्यांनी वजन, कान आणि दात तपासूनच लस टोचली. त्या दिवशी पाट्याही पुन्हा पाहिल्या. ‘बंगाल’ची पाटी काढलेली आहे. ‘रशियन ब्लू’च्या जागी ‘करडे, आखूड केस, देशी’ असे हाताने लिहून चिकटवले आहे, पण दर पूर्वीचाच आहे. ‘कॅलिको ब्रीड’, ‘बॉम्बे कॅट’ आणि ‘टर्किश अँगोरा’ तशाच आहेत, आणि पांढऱ्या पिल्लाच्या श्रवणाबद्दल अजूनही कोणी काही सांगत नाही, म्हणून ते पिल्लू पाहायला जाणाऱ्यांनी चावी बरोबर न्यावी आणि पैसे देण्याआधी डॉक्टरांची तपासणी मागून घ्यावी.